कुंकवाच्या रंगाचा मफलर

लेकीच्या सासरी, आयर्लंडमधल्या अल्पाकांच्या फार्मवर, मी लॉकडाउनमुळे अडकले होते. विहीणबाई मॉरीननं मला चरख्यावर अल्पाकाची लोकर कातायला शिकवलं. ऑक्टोबरात मी पांढरी लोकर हळदीत रंगवली आणि वर मॉरीनचा ब्रेडचा सोडा, म्हणजे आपला खायचा सोडा, टाकला. लोकर कुंकवासारखी लाल झाली. मी लगेच मफलर विणायला घेतला.

व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या नणंदबाई कडाडल्या, "वहिनी, दादाला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, आणि हा रंग?"

मी सुया थांबवल्या नाहीत.

"ह्यांच्या दहाव्याला माझं कुंकू तुम्हीच पुसलंत ना, वन्सं? कपाळाला नको म्हणालात, नाही लावलं. आता गळ्यात घालणार आहे. पुण्यात उतरले की हाच घालून आधी तुमच्याकडे येते."