कॅरिअरवरचा हात

प्रेमदासने सीटखालचा नट पान्याने सैल केला, सीट पार खाली दाबली आणि नट पुन्हा आवळला. परवाच आखाडा बाळापूरहून आणलेली छोटी सायकल. तिच्या दांडीवरचा प्लास्टिकचा कागदही अजून निघाला नव्हता.

"बस बरं आता."

निलम बसली. आठ वर्षांची पोर, तिसरीतली. तिचे दोन्ही तळपाय अंगणाच्या मातीला पुरते टेकले.

"एवढी खाली?" तिच्या तोंडून निघून गेले.

"शिकताना पाय टेकायला पाह्यजेत. भेव वाटलं की सोडायचे खाली."

निलमने दाराकडे पाहिले. दारात तिची आई मिना सूप घेऊन उभी होती. ती सुपातले खडे वेचत राहिली.

"बरं," निलम म्हणाली.

दहा महिन्यांनी प्रेमदास तांड्यावर परतला, त्याला आज चौथा दिवस होता. दहा महिने तो परदेशात एकटा सायकल चालवत होता. अल्माटीहून निघून इस्तंबूलपर्यंत. बाळापुरातले मोबाइल दुरुस्तीचे दुकान त्याने मित्राच्या, हरिचंदच्या हवाली केले होते. निघायच्या सकाळी निलम त्याच्या सामानाने लादलेल्या सायकलचे कॅरिअर धरून तांड्याच्या टोकापर्यंत आली होती. मलाबी शिकवा, म्हणत होती. त्याने तिची बोटे एकेक करून सोडवली होती.

"आलो की मीच शिकवीन. दुसऱ्या कुनाकडून शिकायचं न्हाई. कबूल?"

पुढे फोनवरही तो दर वेळी विचारायचा, "शिकली न्हाईस ना?" आणि पलीकडून ठरलेले उत्तर यायचे, "न्हाई, पप्पा."

गावाने त्याचा सत्कार केला होता. शाल दिली, नारळ दिला, बॅनर लावले. बॅनरवर बर्फाच्या डोंगरापुढे उभा असलेला प्रेमदास आणि खाली मोठ्या अक्षरांत 'सात हजार किलोमीटर, एकट्याने'. त्या आकड्याकडे त्याला बघवत नव्हते. भाषणात त्याने तो आकडा उच्चारला नाही, कुणाच्या ते ध्यानातही आले नाही. पोरीला सायकल शिकवायची, एवढी एकच गोष्ट त्याच्याजवळ लाज न वाटावी अशी उरली होती.

अंगणाच्या दुसऱ्या कडेला त्याचा बाप धर्मसिंग शिजवलेली हळद वाळत घालत होता. प्रेमदासने पाहिले, हळदीखाली तेच बॅनर होते. उलटे अंथरलेले.

"बा, बॅनर काढलं का?"

"माल दनकट हाय," म्हातारा हळद पसरत म्हणाला. "दोन हंगाम जातील."

तांड्यामागून कालवा जातो. त्याच्या काठची मुरमाची वाट सरळ होती आणि सकाळी तिथे कुणी नसायचे. प्रेमदासने सायकल उभी केली, मागून कॅरिअर धरले.

शिकवणे त्याला येत होते. आवाज न चढवता, एका वेळी एकच गोष्ट सांगत तो बोलू लागला.

"चाकाकडं बघायचं न्हाई. ती बाभळ दिसती ना, तिच्याकडं बघ. जिकडं बघशील तिकडं सायकल जाती. आन हँडल असं आवळू नको, चिमणी धरल्यावानी धर."

निलमने मान हलवली. मग तिने उजव्या पायाच्या अंगठ्याने पॅडल खालून उचलले, उलटे फिरवून वर आणले आणि त्यावर पाऊल ठेवले. खाली बघितलेसुद्धा नाही.

प्रेमदासचा हात कॅरिअरवर थांबला. ही गोष्ट त्याने सांगितली नव्हती. ती सांगून येतही नाही, शंभर वेळा निघाल्यावर पायाला आपोआप कळते.

निलमचेही पाऊल थबकले. तिने ते खाली घेतले. पॅडल गरगर फिरून खाली लोंबले.

"पाय कुठं ठिवू, पप्पा?"

"वर," तो म्हणाला. "पॅडल वर आन, मंग ठिव."

ती निघाली. हँडल डावीउजवीकडे फेकत, शिकाऊ पोरे पहिल्या दिवशी जातात तशी. प्रेमदास कॅरिअर धरून मागे धावू लागला. समोरून मोटारसायकलवर हरिचंद आला. दुकान उघडायला निघाला होता. त्याने वेग कमी केला.

"काय गं निलम, बापाला सायकल शिकवून राहिली का?"

"गप बस," प्रेमदास हसून म्हणाला.

"न्हाई, म्हनलं इमानात सायकल मांडीवर घेऊन आलास, चालवायची इसरला असशील." हरिचंद हसत पुढे गेला. निलम हसली नाही. तिची मान ताठ होती.

धावता धावता प्रेमदासला दम लागला. आठवले ते सगळे चढ. किर्गिझस्तानातला घाट चढायला त्याला दोन दिवस लागले होते. वरच्या तंबूतल्या बाईने काही न विचारता रोटी आणि दही पुढे केले, त्याची फाटलेली कॉलर शिवून दिली. मग उतार लागला. पॅडल न मारता तासभर तो नुसता खाली येत राहिला. आनंदाने ओरडला, तेव्हा ऐकायला कुणी नव्हते. त्या दिवशी तेही बरे वाटले होते. हँडलच्या पिशवीवर त्याने निलमचा फोटो चिकटवला होता. तिला तो मोठ्याने नद्यांची नावे सांगायचा.

पुढे पुन्हा कझाकस्तानचे माळरान आले. झाड नाही, घर नाही, नुसता समोरून वारा. दिवसभर पॅडल मारावे आणि संध्याकाळी मागे वळून पाहिले तर सकाळचा खांब दिसावा. रस्त्याखालच्या मोरीत झोपायचे, शिळा पाव खायचा. सोळाव्या दिवशी त्याने सायकल आडवी टाकली आणि ट्रकला हात दाखवला. आठशे किलोमीटर तो ट्रकमध्ये बसून होता. समुद्राकाठच्या एका गावात उतरला, तिथल्या धर्मशाळेसारख्या जागेत भांडी घासायचे काम धरले आणि दोन महिने तिथून हललाच नाही. सायकल जिन्याखाली होती. घरी मात्र रोज नव्या गावाचे नाव सांगायचा. परत फिरता आले असते. तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून फिरला नाही.

"पप्पा, धरलंय का?"

"धरलंय."

म्हणता म्हणता त्याने हात सोडला. शिकवणारा प्रत्येक जण असाच सोडतो. निलम एकटी पंधरा-वीस पावले गेली. गेली ती सरळ गेली. मग तिला काहीतरी आठवल्यासारखे झाले, हँडल हलले आणि ती मऊ गवताच्या बाजूला कलंडली. पडतानाही डावा हात तिने छातीशी घेतला होता.

तो धावत गेला. तिला उठवले, हाताची माती झटकली. "लागलं का? हात सरळ कर."

तिने उजवा केला. डावा कोपरातून पुरता उघडला नाही.

"ह्यो बी कर."

"एवढाच व्हतो."

"म्हंजे?"

निलम सायकलकडे बघू लागली. "आई म्हनली, पप्पा रस्त्यावर हायेत, सांगायचं न्हाई. जीवाला घोर लागून राहील."

"कधी झालं?"

"दिवाळीच्या आधी. मी आज्याची मोठी सायकल घेतली व्हती. एकटीनंच. तुमच्यावानी." तिने वाटेखालच्या कालव्याकडे बघितले. "कालव्यात पानी नव्हतं."

प्रेमदास वाटेवरच बसला. दिवाळी. दिवाळीला त्याने घरी आवाजाचा संदेश पाठवला होता. वाळवंटात एकटाच आहे, आभाळभर चांदण्या आहेत, हाच माझा दिवा. तीनदा बोलून बघून चौथा चांगला वाटला तो पाठवला होता. चार पावलांवर खरकट्या ताटांची चळत होती.

निलमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता दुखत न्हाई. उद्या परत शिकू. मला अजून येत न्हाई ना."

ती शाळेत गेली. प्रेमदासने नवी सायकल भिंतीला लावली. तिच्या शेजारी पोत्याखाली बापाची जुनी सायकल होती. तो गेला तेव्हा ती गंजून पडली होती. त्याने पोते उचलले. साखळीला तेल होते. चाकांत हवा होती. बाकी सगळा गंज तसाच. फक्त कॅरिअरची मागची पट्टी, हाताच्या मुठीएवढी, घासून घासून पांढरी झाली होती.

धर्मसिंग हळदीतून उठला नाही.

"बा, तुमी शिकवली तिला?"

"कोन म्हनलं? तू शिकवून राहिला ना." म्हाताऱ्याने एक हळकुंड फिरवून टाकले. "सकाळी तर गेलते दोघं."

"तुमी तर म्हनायचे, ह्या सायकलीनं घराचं वाटोळं केलं."

"म्हनलो. अजून म्हनतो." धर्मसिंगने हात धोतराला पुसले. "पडली तवा दोन दिस मुरगळलं म्हनून आमी हळदच बांधली. मंग दवाखाना. हाड तोवर वाकडं जुळलं. पलस्तर निघालं की पोरगी परत सायकलीपाशी. आता हिला अडवून अडवू कुठवर? म्हनलं, चल, मी मागं हाय."

"ह्या वयात पळत व्हते?"

"चालत. तीबी हळूच चालवायची, मला तकलीफ नको म्हनून." तो पुन्हा हळदीकडे वळला. "माझा आजा बैलांवर मीठ लादून न्यायचा. बैल पुढं, मानूस मागं. मागच्याला पुढचं समदं दिसतं. पुढं गेलेल्याला मागं कोन पडलं ते दिसत न्हाई. म्हनून तांड्यात कोनी पुढं चालायला भांडलं न्हाई."

धर्मसिंगने बॅनरचे दुमडलेले टोक पायाने सरळ केले आणि हळद तिकडेही पसरली.

संध्याकाळी मिना चुलीपुढे भाकरी थापत होती. निलम ओट्यावर पाढे म्हणत होती. प्रेमदास उंबऱ्यात बसला.

"हाताचं सांगायचं व्हतं मला."

"सांगून?" मिनाने भाकरी तव्यावर टाकली. "तुमी आले असते?"

त्याने उत्तर जुळवले, मोडले. मग म्हणाला, "दिवाळीला मी रस्त्यावर नव्हतो, मिना. दोन महिने नव्हतो. एका जागी भांडी घासत व्हतो."

तिने भाकरीवर पाणी फिरवले. ते आटेपर्यंत थांबली आणि भाकरी उलटली.

"माहीत हाय."

"कसं?"

"फोनवर दिसायचे तवा मागं खिडकीत एक हिरवी बरनी असायची. झाकन तुटलेली. दसऱ्याला व्हती, दिवाळीला व्हती, दिवाळी झाल्यावरबी व्हती. तुमची गावं बदलायची, बरनी न्हाई बदलली."

ओट्यावरचे पाढे सतराच्या पाढ्यात अडले आणि पुन्हा सुरू झाले.

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"काय बोलू?" तिने तवा उतरवला, भाकरी निखाऱ्याला लावली. ती टम्म फुगली. "तुमाला एकट्यानं करायचं व्हतं ना. करू दिलं."

तिने भाकरी त्याच्या ताटात टाकली, आणि दुसरा गोळा हातात घेतला. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काही म्हणता आले असते.

"निलमला माहीत हाय? बरनीचं?"

"तिनंच दाखवली मला," मिना म्हणाली.

सकाळी प्रेमदास उठला तेव्हा निलम सायकलपाशी उभी होती. शाळेचा गणवेश घालून, वेण्या बांधून. सीट तशीच होती, पार खाली.

"पप्पा, शिकवता ना?"

त्याने पाना हातात घेतला. सीट तिच्या मापाला वर घ्यावी, एक शब्दही न बोलता सगळे मिटेल, असे त्याच्या मनात आले. त्याने नटाला पाना लावला. निलम त्याच्या हाताकडे बघत होती. तिचा ओठ दाताखाली होता.

त्याने पाना खिशात ठेवला.

"चल."

कालव्याच्या वाटेवर त्याने कॅरिअर धरले. निलमने पॅडलकडे नीट खाली वाकून बघितले, हाताने ते वर आणले आणि मग पाय ठेवला.

"सोडू नका हं."

"न्हाई सोडत."

ती निघाली. हँडल जरा हलले, बाभळीच्या दिशेने सरळ झाले. या वेळी त्याने खरोखरच धरून ठेवले होते, बोटे दुखेपर्यंत. दहा पावले, वीस पावले. सायकलने वेग घेतला तसा तो धावू लागला आणि शंभर पावलांत त्याची छाती भरून आली. चप्पल निसटली, तरी त्याने हात काढला नाही.

निलमने मागे वळून पाहिले नाही. तिने फक्त पॅडल मारणे थोडे हळू केले.