मागून जेवणाऱ्या

दुपारचे दोन वाजले की लातूरच्या गंजगोलाईजवळचं एक भांड्यांचं दुकान अर्ध्या शटरवर येतं. मालक अण्णाराव आणि त्यांचा मुलगा अमरनाथ जेवायला घरी येतात. हातपाय धुऊन बापलेक स्वयंपाकघरात पाटावर बसतात. अण्णारावांची बायको मल्लम्मा वाढते आणि सून वर्षाराणी तव्यावरची भाकर गरम गरम आणून ताटात टाकते. पुरुषांनी हात धुतले की मग दोघी सासूसुना बसतात. या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं आहे. तुमच्या-आमच्या घरात असं चालत नाही, हे छातीवर हात ठेवून सांगणारे किती निघतील याची मला शंका आहे.

त्या सोमवारी मात्र अण्णाराव हात धुऊनही दुकानाकडे निघाले नाहीत.

"समद्यांनी बसा जरा," ते म्हणाले. "धंदा बसून राहिलाय. लग्नसराई गेली, पण गिऱ्हाईक आलं न्हाई. लोकं भांड्याचा सेट बी मोबाइलवर मागवून राहिलेत. मालकानं दुकानाचं भाडं वाढवलं ते वेगळंच. आता अंथरूण बघूनच पाय पसरायचे. मी माझं सांगतो, संध्याकाळचं हॉटेलातलं चहा-भजं आजपासून बंद. तुमचं तुमी बोला."

"मी गाडी घरी ठिवतो अप्पा," अमरनाथ म्हणाला. "दुकानाला पायी येतो."

मल्लम्मानं पदर खोचला. घर चालवण्याची हुशारी तिच्यात होतीच. "दूध दोन लिटरचं एक करते. डाळ दोन वाट्या शिजत होती, एकच टाकते. पीठ बी मापानंच मळते."

मग सगळ्यांनी वर्षाराणीकडे पाहिलं. देवणीची ही मुलगी लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी या घरात आली होती आणि तिला पाचवा महिना लागला होता. सोडण्यासारखं तिच्याकडे काय होतं? "आत्या म्हणतील तसं," ती म्हणाली.

अण्णारावांना भरून आलं. बाजारात चार लोकांना त्यांनी अभिमानानं सांगितलंसुद्धा, "आमच्या घरात समद्यांनी सारखाच हात आखडलाय. भेदभाव बिलकुल न्हाई."

त्यांना तसं खरोखर वाटत होतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट आहे. पातेलं लहान झालं, पण पुढं बसणाऱ्यांची भूक काही लहान झाली नाही. अमरनाथला तीन भाकरी लागत, त्या लागतच राहिल्या. अण्णारावांना वरण घट्ट लागे, ते घट्टच वाढलं जाई. ताटात काही कमी पडलंय असं त्यांना एकदाही जाणवलं नाही, कारण कमी पडलंच नव्हतं. सगळी काटकसर पातेल्याच्या तळाशी जाऊन बसली होती. तिथपर्यंत बापलेक पोचतच नव्हते.

ते उठले की दुरडीत दीड-दोन भाकरी उरत. पातेल्यात पळीभर वरण. मल्लम्मा त्यात तांब्याभर पाणी ओतायची, तिखट-मीठ टाकायची आणि उकळी काढायची.

"तू घे पोटभर. मला आज भूक न्हाई," ती सुनेला म्हणायची.

"मलाच जात न्हाई आत्या. तुमी घ्या."

दोन भुकेल्या बाया एकमेकींना भूक नसल्याचं पटवून देत आणि शेवटी अर्धी-पाऊण भाकर शेंगदाण्याच्या चटणीशी खाऊन पाणी पीत. दुधाची तीच गत. अण्णारावांचा दोन वेळचा चहा, अमरनाथचा पेला, पुरुषांपुरतं दही आणि दारी आलेला पाहुणा. वर्षाराणीच्या वाट्याला भांडं खरवडून निघालेली साय येई. तीही निघाली तर.

"सोमवार तर धरतीसच," मल्लम्मा एकदा म्हणाली. "गुरवार बी धर. बाळाला पुण्य लागंल अन् तेवढीच एका दिवसाची बचत."

वर्षाराणीनं गुरुवारही धरला. सासरी बाईनं मागून जेवावं आणि कमी पडलं तर बोलू नये, हे माहेरहून शिकूनच ती आली होती. मल्लम्मा दुष्ट होती असं कृपा करून समजू नका. सासू दुष्ट निघाली की वाचणाऱ्याला बरं वाटतं, कारण मग दोष त्या एकट्या बाईचा होतो आणि आपण मोकळे. मल्लम्माही सुनेच्या बरोबरीनं उपाशी राहत होती. फक्त तिच्या पोटात मूल नव्हतं.

महिन्याभरानं आशा सेविका पंचशीला घरी आली. गल्लीतल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद तिच्याकडे असे. वर्षाराणीचे डोळे खाली ओढून तिनं पाहिलं, नखं पाहिली.

"पांढरी फटक पडलीस की गं. रक्तवाढीच्या गोळ्या घेतेस का?"

"घेतल्या की मळमळतंय ताई. म्हणून सोडल्या."

"उपाशीपोटी घेतल्यावर मळमळणारच. जेवतेस का नीट?"

"जेवते की. पोटभर."

मल्लम्माला पंचशीलाचं विचारणं लागलं. "आमच्यात सैपाक एकच हाय बाई. सुनेला येगळं, लेकाला येगळं असं चालत न्हाई."

पंचशीलानं वही मिटली. अशी उत्तरं ऐकून तिचे कान किटले होते. "सैपाक एक हाय, पटलं. पण शेवटी कोण जेवतंय?"

"बाईमाणूस मागूनच जेवणार की. त्यात इचारायचं काय?"

"मग मावशी, एक दिवस मापून बघा, मागं काय उरतंय ते. अन् हिला ह्याच आठवड्यात दवाखान्यात न्या. रक्त तपासायचंय."

ती गेल्यावर मल्लम्मा बराच वेळ पुटपुटत होती. संध्याकाळी दवाखान्याचा विषय निघाला. "रिक्षाचा खर्च हाय. पुढच्या पंधरवड्यात जाऊ," अण्णाराव म्हणाले. अमरनाथनं मान हलवली. गाडी घरातच उभी होती, हे त्या दिवशी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पंधरवडा उलटायच्या आत नळाला पाणी यायचा दिवस आला. लातुरात पाणी आलं की घरातल्या बाईला बाकी कशाचंच भान राहत नाही. टाकी, घागरी, बादल्या, असेल नसेल ते भांडं भरून घ्यायचं. दिवस गुरुवार होता. वर्षाराणी रिकाम्या पोटी सकाळपासून घागरी वाहत होती. सातवी का आठवी घागर घेऊन ती पायरी चढली आणि तिथंच कोसळली. घागर घरंगळत अंगणात गेली. मल्लम्मा किंचाळली. शेजारची सरजाबाई धावत आली आणि दोघींनी तिला कशीबशी रिक्षात घातलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पाहिला आणि त्यांचा आवाज चढला. "हिमोग्लोबिन साडेसहा! आई, निदान अकरा तरी पाहिजे की नको? ही आणखी चार दिवस अशीच राहिली असती, तर बाळ गेलं असतं आणि कदाचित हीसुद्धा. आत्ताच सांगते, बाळाची वाढ कमी आहे. दोन बाटल्या रक्त लागेल."

अमरनाथ दुकानातून धावत आला आणि त्यानं लगेच आपलं रक्त दिलं. नात्यागोत्यात त्याचं केवढं कौतुक झालं! "बायकोसाठी रक्त दिलं पोरानं," जो तो म्हणे. मी म्हणतो, दिलं ते चांगलंच केलं. पण हाच भला माणूस दीड महिना रोज तिसरी भाकर खात होता आणि मागं काय उरलं ते पाहायला एकदाही पाटावरून उठला नव्हता. रक्त देणारे नवरे खूप मिळतात. दुरडीत डोकावणारा एखादाच.

बाटलीतलं रक्त थेंबाथेंबानं वर्षाराणीच्या हातात उतरत होतं आणि मल्लम्मा स्टुलावर बसून ते पाहत होती. अमरनाथच्या आधी तिला दोन मुलं झाली होती. एक सातव्या महिन्यातच गेलं, दुसरं मुठीएवढं जन्मलं आणि तीन दिवसांत गेलं. देवाची मर्जी, असं सगळे म्हणाले होते आणि तीही तसंच म्हणत आली होती. त्या काळी तिच्या सासूबाई जेवल्यावर ती जेवायची. म्हणजे पुरुषांच्या मागून सासू आणि सासूच्या मागून ती.

"वर्षा," ती अचानक म्हणाली, "देवानं न्हाई गं नेली माझी लेकरं."

आणि पदर तोंडात कोंबून ती रडली. अशी ती मुलं गेली तेव्हाही रडली नव्हती.

वर्षाराणी घरी आली, त्याच्या चौथ्या दिवशीची गोष्ट. दोन वाजता बापलेक आले, हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि थबकले. पाटावर सासूसुना बसल्या होत्या. पुढ्यात भाकरी होत्या, घट्ट वरण होतं आणि वर्षाराणीजवळ दुधाचा पेला होता.

"हे काय?" अण्णारावांनी विचारलं.

"जेवून राहिलो. बसा बाहेर. आमचं झालं की वाढते."

अण्णारावांना वाटलं, सुनेला औषध घ्यायचं असेल. ते बसले. अर्ध्या तासानं हाक आली. दुरडीत दीड भाकर होती. मल्लम्मानं त्यांच्यासमोरच पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं, तिखट-मीठ टाकलं आणि पातेलं शेगडीवर ठेवलं.

"आगं, हे काय करून राहिलीस?"

"रोज करते तेच. पाणी घातल्याबिगर पुरत न्हाई."

"एवढ्यात दोघांचं भागतंय व्हय?"

"दीड महिना दोघींचं भागलं. तिच्या पोटातलं धरलं तर तिघांचं."

अमरनाथनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. अण्णारावांनी पाण्यासारख्या वरणात भाकर बुडवली, दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "उद्यापासून डाळ दोन वाट्या टाक. पीठ बी पहिल्यासारखं मळ. खाण्यात काटकसर नको आपल्याला."

बघा! दीड महिना जे परवडत नव्हतं, ते एका अर्धपोटी जेवणात परवडलं.

या घरात आजवर आवाज न चढवलेली वर्षाराणी दारातून म्हणाली, "मामा, मी पायरीवर पडले, तवा का न्हाई म्हणलात असं?"

अण्णाराव लालबुंद झाले. सुनेनं उलट बोलावं! त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं सुनेला गप्प करावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

"बरोबर इचारून राहिली ती," मल्लम्मा म्हणाली. "अन् डाळ एक वाटीच शिजंल. तंगी खरीच हाय, ती मला बी कळती. पण उद्यापासून चार ताटं एकदम मांडायची. जे हाय ते समद्यांच्या डोळ्यांदेखत वाटायचं. पोटुशीला अर्धी भाकर अन् दूध जास्त, बाकी सारखं."

"माझ्या बापाच्या पुढ्यात बाई कधी जेवायला बसली न्हाई!"

"मठात दासोहाच्या जेवणाला बाया-बापे एकाच पंगतीत बसतोय की आपण. तिथं काय बिघडतंय?"

"मठ येगळा, घर येगळं. मी जिता हाय तवर ह्या घरात असं व्हनार न्हाई."

"मग तुमी मागून जेवा," मल्लम्मा म्हणाली आणि भांडी गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच चार पाट मांडले होते. अण्णाराव दारापर्यंत आले, चार ताटं पाहिली आणि पुढच्या खोलीत पंख्याखाली जाऊन बसले. अमरनाथ उंबऱ्यात अडकला. आत बायको आणि आई, बाहेर बाप. चांगला मिनिटभर तो तसाच उभा होता. मग आत येऊन वर्षाराणीच्या शेजारच्या पाटावर बसला. त्याच्या वाट्याला दोन भाकरी आल्या. तिसरी त्यानं मागितली नाही. आपण कुठं बसून जेवतोय हे अजून खरं न वाटल्यासारखी वर्षाराणी हळूहळू एकेक घास खात होती.

अण्णारावांना कुणी बोलवायला गेलं नाही. मल्लम्मानं चौथं ताट वाढलं. अमरनाथला आल्या तेवढ्याच दोन भाकरी, तेवढंच वरण, तेवढीच चटणी. त्यावर दुसरं ताट झाकून तिनं ते बाजूला ठेवलं.

तीनच्या सुमारास भूक आवरेना, तेव्हा अण्णाराव स्वयंपाकघरात आले. आत कुणी नव्हतं. रिकाम्या दुरडीकडे त्यांनी पाहिलं, पातेलं तर घासून पालथं घातलेलं होतं. मग त्यांनी झाकलेलं ताट उघडलं. सगळं होतं. वरणात पाणी घातलेलं नव्हतं, भाकरी अख्ख्या होत्या. त्या घरात मागून जेवणाऱ्याला भरलेलं ताट मिळण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ते मिळालं होतं पुरुषाला.