एक, दोन, तीन, झालं

लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होण्याच्या निमित्ताने आईने मुलांकडे एकच भेट मागितली: तिचा आणि बाबांचा एक फोटो, ज्यात दोघांचे मिळून चार डोळे उघडे असतील. धाकट्याने सोफ्याचा प्रस्ताव मांडून पाहिला. आईने तो तत्काळ फेटाळला.

"सोफ्यावर बसून काय करू? पुन्हा त्यांचे मिटलेले डोळेच बघू? लग्नाच्या फोटोत मिटलेले, तुमच्या बारशाला मिटलेले. झोपलेल्या माणसाशी संसार केला असं वाटतं."

"मी उघडेच ठेवतो," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले. हे ते गेली पन्नास वर्षं म्हणत आले होते आणि त्यात खोटेपणाचा लवलेशही नव्हता. त्यांना खरोखरच तसं वाटत असे.

थोरलीने ही जबाबदारी अंगावर घेतली. ती वजनं आणि तराजू प्रमाणित करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. भाऊ तिला 'मिलिग्रॅम' म्हणत असे. तिने प्रथम घरातले सगळे अल्बम काढून बाबांचे फोटो मोजले. एकूण एकाहत्तर. त्यांपैकी सहासष्ट फोटोंत डोळे मिटलेले. उरलेल्या पाचांत ते उघडे होते, परंतु त्या पाचही वेळी फोटो निघतो आहे हे बाबांच्या गावीही नव्हतं. ते दुसरीकडेच कुठेतरी पाहत होते.

"त्याच्या नजरेत तेजच असं आहे की कॅमेऱ्याला सोसत नाही," आत्याने फोनवर निदान केलं.

आत्याचा सिद्धान्त खोटा ठरवण्याचा कोणताही मार्ग उपलब्ध नव्हता, म्हणून थोरलीने तो बाजूला ठेवला. माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो आणि प्रत्येक वेळी डोळा सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा मिटलेला असतो. म्हणजे सहज काढलेल्या बारा फोटोंपैकी साधारण एका फोटोत डोळे मिटलेले यावेत. ओळीने सहासष्ट वेळा तसं घडण्याची शक्यता दशांशचिन्हानंतर सत्तरहून अधिक शून्यं लिहिल्यावर सुरू होत होती. याचा अर्थ योगायोग नाही, कारण आहे. फ्लॅशवर संशय घ्यावा, तर निम्मे फोटो भर उन्हातले. शिवाय फ्लॅशने दचकून मिटलेले डोळे फोटोत येत नाहीत. ते फोटो निघून गेल्यावर मिटतात.

धाकट्याला कारणांत रस नव्हता. त्याने संगणकावर बाबांच्या चेहऱ्यावर उघडे डोळे चिकटवून आणले. आईने चष्मा पुसून तो फोटो बारकाईने पाहिला.

"हे तुझे डोळे आहेत."

"छे! काहीतरीच काय, आई."

"बाळंतपणापासून ओळखते मी ते. लबाडीसकट उचलून लावलेस."

मग थोरलीने एका दमात तीस फोटो काढणारी कॅमेऱ्याची सोय वापरली. तीसही फोटोंत डोळे घट्ट मिटलेले होते. खडखडाट थांबल्यावर बाबांनी ते उघडले आणि विचारलं, "मशीनगन आणलीस का गं?"

कॅमेरा तिच्याकडे आला त्याला एक वर्षही झालं नव्हतं. फोटोग्राफी शिकण्यासाठी ती हौशी मंडळींच्या एका गटात दाखल झाली होती. गट चालवणारे गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते आणि त्यांच्या शिस्तीला दातांच्या दवाखान्याचा वास होता. दर रविवारी सकाळी ते एक विषय देत. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत प्रत्येकाने एकच फोटो पाठवायचा. त्यासाठी आठवडाभरात फक्त दहा वेळा बटण दाबायचं. आणि फोटोसोबत स्पष्टीकरणाचा एक शब्दही लिहायचा नाही. "दाढ काढताना मी पेशंटला समजावत बसायचो का?" असा त्यांचा सवाल असे. त्यानंतर सभासद मतं देत.

थोरली नियमाने शेवटून दुसरी किंवा तिसरी येई. 'लाल' या विषयाला तिने लिटमसचा कागद पाठवला होता. 'वाट पाहणं' या विषयाला तराजूचा काटा स्थिर होण्यापूर्वीची अवस्था. त्यावर दंतवैद्यांनी लिहिलं होतं, "मॅडम, फोटो अचूक आहे. पाहावासा वाटत नाही." या वाक्याचा पूर्वार्ध तिने प्रशंसा म्हणून नोंदवून ठेवला.

आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला नेमका एक आठवडा उरला असताना विषय आला: 'आवाज'.

"आवाजाचा फोटो?" बाबा म्हणाले. "मग घरात काय करतेस? आमच्या कारखान्याच्या शॉपमध्ये जा. तिथे आवाजाला तोटा नाही."

बाबा बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होते. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस आता तिथे फोरमन होता. गुरुवारी त्याने थोरलीला कानांत घालायला कापसाचे बोळे, डोक्याला हेल्मेट आणि डोळ्यांना गडद चष्मा दिला आणि पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभं केलं.

तिने सहा फोटो काढले. हातोडा, क्रेनची घंटा, हवेच्या नळीचं फुसफुसणारं तोंड. सहाही अचूक होते. सहाही पाहावेसे वाटत नव्हते.

सातव्यासाठी ती वेल्डिंगच्या जागेकडे वळली. पन्नाशीचा एक फिटर दोन जाड पत्रे काठाला काठ लावून दोन्ही हातांनी दाबून धरत होता. वेल्डरच्या तोंडावर मुखवटा होता. पूर्ण सांधा भरण्यापूर्वी पत्रे हलू नयेत म्हणून ठिकठिकाणी एकेक टाका मारावा लागतो. ते काम चाललं होतं.

"एक, दोन, तीन!" वेल्डर ओरडला.

लखलखाट झाला. थोरलीने कॅमेरा डोळ्याला लावलेला होता, पण बटण दाबायचं ती विसरली. कारण फिटरचा चेहरा तिच्या ओळखीचा होता. हनुवटी किंचित वर, ओठ दाबलेले, डोळे गच्च मिटलेले आणि एकंदर मुद्रेवर आपण चोख काम करत असल्याचं समाधान. हा चेहरा तिने अल्बमांत सहासष्ट वेळा मोजला होता.

"झालं!" वेल्डर म्हणाला. फिटरचे डोळे टक्क उघडले.

"डोळे का मिटतात हे?" तिने फोरमनच्या कानाशी ओरडून विचारलं.

"मग काय करणार? दोन्ही हात गुंतलेले, तोंडापुढे मुखवटा धरणार कोण? आता चष्मे आलेत, पण हा जुना गडी. चष्मा लावून वर डोळेही मिटतो. तीनला मिटायचे, 'झालं' म्हटल्यावर उघडायचे. मला तुझ्या बाबांनीच शिकवलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, 'मध्ये उघडलेस तर रात्रभर डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होईल.' एकदा उघडले मी. वाळूच!"

थोरली उरलेले चार फोटो तसेच घेऊन घरी आली.

कारण सापडलं आहे असं तिला वाटत होतं. वाटणं आणि सिद्ध होणं यांत तिच्या मते फार मोठं अंतर होतं. शनिवारी दुपारी बाबा टेबलाशी मटार सोलत बसले होते. कॅमेरा कपाटात होता. तिने आईला दारात उभं केलं, स्वतः ती बाबांच्या मागे गेली आणि कागदावरून काहीतरी मोजत असल्याच्या सुरात म्हणाली, "एक, दोन, तीन."

बाबांचे हात थांबले. डोळे मिटले. शेंग चिमटीत तशीच घट्ट धरलेली होती.

एक सेकंद. दोन. तीन. आईने तोंडावर पदर धरला.

"झालं," थोरली म्हणाली.

डोळे उघडले. शेंग फुटली. बाबा पुढचे मटार सोलू लागले. मध्ये काही घडलं आहे याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

स्वयंपाकघरात आईने मुलीचं मनगट पकडलं. "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं आपण फोटो काढताना तीनपर्यंत मोजतो आणि तीनला बटण दाबतो. ते आपलं काम चोख करतात. आपण 'झालं' म्हणतच नाही."

"मग डोळे उघडतात तरी केव्हा?"

"कंटाळून, आपले आपण. तोवर आपण कॅमेरा खाली ठेवलेला असतो."

"आत्ताच्या आत्ता सांगते त्यांना."

"अजिबात नाही. त्यांना कळलं की ते लक्ष ठेवून वागतील आणि सगळा प्रयोग वाया जाईल. उद्यापर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही."

आईने मान डोलावली. परंतु तिच्या चेहऱ्यावर जी शंका उरली होती तिच्याकडे थोरलीने दुर्लक्ष केलं. ती चूक होती, हे नंतर दिसून आलं.

रविवारी दुपारी खिडकीशेजारी दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. धाकटा भिंतीला टेकून उभा राहिला. मदतीला म्हणून नव्हे, गंमत बघायला.

"ताई, किती शिल्लक आहेत?"

"चार."

"म्हणजे सहासष्टाचे सत्तर होणार."

"तू गप्प बैस. बाबा, आईचा हात धरा. नीट धरा, हलू देऊ नका."

"पन्नास वर्षांत हलला नाही, आता काय हलतोय," बाबा म्हणाले आणि त्यांनी तो पत्र्याचा काठ धरावा तसा दोन्ही हातांनी दाबून धरला.

थोरलीने प्रकाश मोजला, दोनदा. तिने कॅमेरा तिवईवर घट्ट बसवला. मग बोट बटणावर ठेवलं.

"एक. दोन. तीन."

बाबांची हनुवटी वर गेली, ओठ दाबले गेले, डोळे मिटले. धाकट्याने कपाळाला हात लावला. थोरलीने बटण दाबलं नाही. आयुष्यात प्रथमच एका आकड्याला तिने नुसतं जाऊ दिलं.

"झालं."

तिने बटण दाबलं.

पडद्यावर फोटो उमटला. बाबांचे डोळे टक्क उघडे होते आणि सरळ समोर पाहत होते. सांधा नीट बसला का, हे पाहणाऱ्या कारागिराची ती नजर होती. इतकी सावध आणि इतकी खूष नजर एकाहत्तर फोटोंत कुठेच नव्हती. आई मात्र कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती. तिने मान पूर्ण वळवली होती आणि डोळे विस्फारून ती नवऱ्याचे डोळे खरोखरच उघडले का, याची खात्री करून घेत होती. उघडलेले तिला दिसले होते. ते कळल्याचं हसू अर्ध्यावर पोहोचलं होतं.

"आई! समोर बघायचं होतं ना!"

"बघू दे गं मला. पन्नास वर्षांत तूच एकटी मोजमाप करतेस का?"

"अजून तीन आहेत. पुन्हा काढू."

आईने कॅमेऱ्याचा पडदा जवळ ओढला आणि बराच वेळ पाहिला. "डोळे चार आहेत की नाहीत?"

"आहेत."

"उघडे?"

"उघडे."

"मग झालं तर."

उरलेले तीन फोटो तसेच राहिले. सहाला पाच कमी असताना थोरलीने तोच फोटो 'आवाज' या विषयासाठी पाठवून दिला. ज्या शब्दाने ते डोळे उघडले तो त्या फोटोत पुरेपूर होता, असं तिचं मत होतं. ते सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं आणि स्पष्टीकरणाला बंदी होती. सभासदांपैकी कोणालाच त्यात आवाज ऐकू आला नाही. ती शेवटून पहिली आली. दंतवैद्यांनी लिहिलं, "मॅडम, विषयाशी संबंध कळला नाही. फोटो मात्र चार वेळा पाहिला."

तिने हे वाक्य वहीत उतरवलं आणि या वेळी उत्तरार्धाखाली रेघ मारली.

आठवड्याने फोटो चौकटीत बसून भिंतीवर लागला. बाबा त्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. थोरली शेजारी होती. वेल्डर, टाका, मटार, सगळं सांगायला तिने तोंड उघडलं. आता प्रयोग बिघडण्याचा प्रश्न उरला नव्हता आणि पुराव्याचे सहासष्ट फोटो हाताशी होते.

"बघ," बाबा म्हणाले. "मी सांगत होतो ना, मी उघडेच ठेवतो. तुम्हालाच काढता येत नव्हता."

थोरलीने आईकडे पाहिलं. आईने कोपर मारलं.

"हो बाबा," थोरली म्हणाली. "शिकायला वेळ लागला."