न दुखणारा गुरुवार

आईच्या पोटात उजवीकडे दुखायचं. दीड वर्षं. सोनोग्राफी झाली, एक्स-रे झाले, रक्त तर किती वेळा काढलं. दुर्बीणपण घातली. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की बाबा म्हणायचे, "चला, सुटलो." आणि आईचं तोंड एवढंसं व्हायचं. हे फक्त मला दिसायचं, कारण दिवसभर घरात मीच. दहावीत बाईंशी भांडून मी शाळा सोडली ती सोडलीच.

शेवटचा नॉर्मल आला तेव्हा माझं डोकं फिरलं. "नाटक आहे तुझं," मी म्हटलं. "काही झालेलं नाहीये तुला."

आईने वरणाला फोडणी दिली. त्यानंतर माझ्याशी ती दुखण्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. ओट्याला टेकून, पोट दाबून उभी असायची, आणि मी आले की सरळ व्हायची.

मग एका नव्या हॉस्पिटलातल्या सर्जनने सांगितलं, पोट उघडूनच बघू. सोमवारची तारीख दिली, सोळा दिवसांनंतरची. आई खूश झाली. खरंच खूश. "आता तरी दिसेल सगळ्यांना," म्हणाली.

ही बाई पोट फाडून घ्यायला निघाली होती, का तर आम्हाला पटावं म्हणून.

त्याच दिवशी मी तिला ओढत पाणीगेटला नेलं, डॉक्टर निरुपमाबेनकडे. आमच्या वाडीतले निम्मे लोक त्यांच्याचकडे जातात. आहेत मराठीच, पण इथल्या गुजराती रीतीने बेन लावल्याशिवाय कोणाला हाक मारत नाहीत. त्यांनी सगळे रिपोर्ट वाचले, एकूण एक. मग आईला झोपवून हाताने तपासलं, सावकाश. "इथे? आणि इथे?" आई उत्तर देताना माझ्याकडे बघत होती.

"कौशल्याबेन, दुखणं खरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

"पण मशीनमध्ये तर..."

"मशीनला सगळं दिसतं असं कोणी सांगितलं? खडा नाही, गाठ नाही, आतडं चांगलं आहे. काय नाही ते मला कळलंय. जे आहे त्याला माझ्याकडे नाव नाही. असे पेशंट मी रोज बघते."

"मग ऑपरेशन?"

"त्यात काही सापडेल असं मला वाटत नाही. ठरवायचं तुम्ही. मधले दोन गुरुवार मला द्या. दुखलं तरी यायचं, नाही दुखलं तरी यायचं. काही नवीन वाटलं तर तपासणी मीच लिहून देईन." मग विचारलं, "दुखण्यामुळे काय बंद पडलंय?"

आईने विचार केला. "संध्याकाळी मांडवीपर्यंत चालत जायचे."

"मग उद्यापासून अर्ध्या रस्त्यापर्यंत. दुखलं तरी अर्धा, नाही दुखलं तरी अर्धाच." मग माझ्याकडे वळल्या. "तू सोबत जायचं. आणि 'दुखतंय का' हे विचारायचं नाही. घरात कोणीच विचारायचं नाही."

"मग काय विचारू?"

"दुसरं काहीही."

दुसरं काही सुचेचना. दोन दिवस आम्ही मुक्यासारख्या चाललो. तिसऱ्या दिवशी मी वैतागून विचारलं, "तुला शाक कुठलं आवडतं?"

आई रस्त्यातच थांबली. मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न मारला.

"कारल्याचं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना चालत नाही, म्हणून करत नाही."

सोळा वर्षं मी हिच्या हातचं खातेय आणि मला हे माहीत नव्हतं. मी बाबांच्या नावाने सुरू केलं, तर आई हसायला लागली. "अगं हळू. वाडीपर्यंत ऐकू जाईल त्यांना."

पहिल्या गुरुवारी दुखत होतं, त्यामुळे जायला अडचण नव्हती. दुसऱ्या गुरुवारी सकाळपासून काहीच नाही.

"आज कशाला जायचं?" आई म्हणाली. "काही होतच नाहीये. रिकाम्या हाताने कोणी डॉक्टरकडे जातं का?"

"त्यांनी सांगितलंय ने. नेस साडी."

निऱ्या काढता काढता तिचा हात उजवीकडे गेला. "आलं बघ थोडं," ती म्हणाली. चक्क सुटल्यासारखी.

मी तोंड उघडलं होतं. पण तिच्या कपाळावर घाम होता. घाम काही नाटकात येत नाही. दुखत होतं तिला, खरंच. दुखणं नसताना कोणाच्या दारात जाऊन नुसतं बसता येतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

मी खाली बसून निऱ्या धरल्या. "चल. दुखलं तर दुखत जाऊ."

पाणीगेटला पोचेपर्यंत थांबलं होतं. आई खुर्चीत बसली ती गृहपाठ विसरून आल्यासारखी. "आज काही नाही," म्हणाली.

"सारू, चांगलंच आहे. मग बसा."

बेननी पोट तपासलं आणि चालण्याबद्दल विचारलं. बोलता बोलता कारल्याचा विषय निघाला. मीठ लावून पिळायचं की नाही यावर दोघी दहा मिनिटं भांडल्या. बाहेर लोक खोकत होते. ऑपरेशनबद्दल कोणी बोललंच नाही. उठताना बेन एवढंच म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी या." सोमवार तर त्याच्या आधीच होता. मला रात्रभर झोप नाही.

शनिवारी संध्याकाळी चालायला निघालो, तर आई कोपऱ्यावरच्या पीसीओपाशी थांबली. "फोन करायचाय."

आत दोघी मावत नव्हतो, म्हणून मी दार पायाने उघडं धरून उभी राहिले.

"सोमवारनुं ऑपरेशन," आई हॉस्पिटलात सांगत होती. "नथी आवती." येणार नाही म्हणून. तिकडून बरं वाटतंय का असं काहीतरी विचारलं. "ना, सारू नथी थयुं. दुखे छे. आजे पण दुखे छे. पण नथी आवती."

फोन ठेवून ती बाहेर आली. चार पावलं गेल्यावर म्हणाली, "सकाळपासून दुखतंय गं. कालपेक्षा जास्त."

मला म्हणाली. मलाच.

"कुठे?" मी विचारलं.

तिने भररस्त्यात माझा हात धरून पोटावर ठेवला. "इथे."

हाताला काहीच लागत नव्हतं. नुसतं मऊ, गरम. मी ठेवला तसाच.

"घरी जाऊ या का?"

"अर्ध्यापर्यंत ठरलंय ने," आई म्हणाली, आणि चालायला लागली.