कोणी बघू नये

कृत्रिम दातांच्या लॅबमध्ये शुक्रवारी भट्टी तापेपर्यंत तोंडं चालतात. दातांना रंग देणारा, ज्याला सगळे समीक्षक म्हणतात, सुट्टीसाठी माहितीपट सुचवतो. फक्त गमतीचे. रडायला घर आहे, म्हणतो.

बाहुल्यांचे डोळे. दोन भाऊ, एक कारखाना, जन्माचा अबोला. एक डावे डोळे बनवतो, दुसरा उजवे. कोणी बघावा: ज्यांना भाऊ आहे. कोणी बघू नये: ज्यांचा भाऊ शेजारी बसलाय.

गोगलगायींची शर्यत. पंचाला झोप लागते. कोणी बघू नये: मालकीणबाईंनी. आपला वेग कळेल.

"कळलाय कधीच," मालकीणबाई म्हणाल्या.

जिना चढणारी खुर्ची.

"हा म्हणजे कळस! एक म्हातारा, लिफ्ट दुरुस्त करणारा. जिना चढणारी खुर्ची बनवतो. बसतो, पट्टा लावतो, म्हणतो, 'आता बघा हं.' आणि तिसऱ्या पायरीवर धाडकन! पुन्हा बसतो. पुन्हा धाडकन! पोट धरून हसलो राव."

कोणी बघावा: सगळ्यांनी.

तेव्हापासून लॅबमध्ये साचा फुटला की कुणीतरी म्हणतं, "आता बघा हं." सगळ्यांत हुबेहूब म्हणते ती मेणकाम करणारी. म्हणणारच. म्हातारा तिचा बाप आहे. हे तिथं कुणाला माहीत नाही.

(खुर्ची तिच्या आईसाठी होती. आई आजारपणात वरच्या खोलीत अडकली, ती शेवटी चौघांच्या खांद्यांवरच खाली आली. दिग्दर्शकानं तेवढं कापलं. त्यामुळं गंमत पातळ होत होती.)

घरी.

"लॅबमध्ये कुणी बघितला का गं?"

"बघितला."

"मग?"

"आवडला."

"खुर्चीबद्दल काय म्हणाले? कुणाची ओळख असेल एखाद्या कंपनीत. तो दिग्दर्शक म्हणाला होता, बघणाऱ्यांत खुर्ची बाजारात आणणारा कुणीतरी निघेल. आण ना त्यांना एकदा."

लॅबमध्ये.

"तो म्हातारा ना? आमच्या गल्लीतच राहतो," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

"काय सांगतेस! ने की आम्हाला!"

घरी.

"येतायत. पण बाबा... मी शेजारची म्हणून येईन."

बाप स्क्रू पिळत होता. पिळून झालेला स्क्रू त्यानं परत पिळला.

"म्हणजे तुला अहो-जाहो करावं लागणार."

"करा."

"बरं. कंपनीवाला असेल ना त्यांच्यात?"

"बघू."

रविवारी सगळे जिन्याखाली दाटीवाटीनं उभे राहिले. मोबाइल वर धरलेले. बापानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताणाचं गणित, दातेरी चाकं, सगळं त्यानं समजावलं. ऐकलं कुणीच नाही.

"काका, ते म्हणा ना!"

"काय?"

"ते हो, तुमचं!"

समीक्षकानं विचारलं, "पण बनवलीत कुणासाठी?"

बापानं लेकीकडे पाहिलं. ती मोबाइलमध्ये बघत होती.

"कुणासाठी नाही हो. हौस."

मग तो बसला. पट्टा लावला. "आता बघा हं."

एक. दोन. पब्लिक पुढं सरकलं. तिसऱ्या पायरीवर खुर्ची थांबली, थरथरली, आणि चढली. चौथी. पाचवी.  म्हातारा वळून लेकीला शोधायला लागला, "अगं, चढ..."

"हे काय?" समीक्षक वैतागून म्हणाला. "ही पडत नाही?"

मोबाइल खाली आले. ती लेकच पुढं झाली आणि हसत तिनं खुर्ची धरून ठेवणारा खटका मागे ओढला. लॅबमध्ये हुबेहूब आवाज काढायची, तसाच काढला: "आता बघा हं!"

धाडकन!

हशा पिकला. बाप पट्ट्यात लटकला, एक चप्पल खाली गेली. ती उचलायला वाकली, तेव्हा त्यानं हात वर केला.

"राहू द्या, ताई. तुम्ही कशाला त्रास घेता? शेजारच्याच तुम्ही."

कोपऱ्यापर्यंत सगळे तेच म्हणत होते. ताई, तुम्ही. ताई, तुम्ही. केवढा नाटकी म्हातारा!

ती त्यांच्याबरोबर बसथांब्यापर्यंत गेली. बस आली, तेव्हा चढलीही.