पुलापर्यंत थोरला, पुढे धाकटा

शहर लहान, पण त्याच्या पाच बागा पालिकेनं एका पायवाटेनं जोडल्या होत्या. पहिलीच्या फाटकातून निघायचं आणि ओढ्याकाठानं, लोखंडी पुलावरून, झाडांवर रंगवलेले हिरवे बाण बघत पाचवीत पोचायचं. डॉक्टरांनी म्हातारीला बजावलं होतं, ऑपरेशनच्या आधी रोज एवढं चाला, पण एकट्यानं नाही. मग दोन्ही सुनांनी फोनवरून वाटणी करून टाकली. दोन बागा पुलापर्यंत थोरला, पुढच्या तीन धाकटा.

थोरला शिंपी, घरून निघताना गळ्यातली टेप काढायचंही भान नसलेला. तो आईला पुलाजवळच्या बाकावर बसवी, पाण्याची बाटली हातात देई आणि धाकटा दिसायच्या आत पाठ फिरवी. धाकटा ट्रक चालवायचा. तो पलीकडून येई आणि आईला इथवर कुणी आणलं याच्याशी आपलं काही देणंघेणं नसल्याच्या थाटात तिचा कोपर धरी. पन्नाशीला टेकलेले दोन बाप्ये, आणि दोन वर्षं शाळकरी पोरांसारखे तोंड फिरवून होते. पण कारण पोरकट नव्हतं.

त्यांचे वडील दवाखान्यात यंत्राच्या श्वासावर होते, तेव्हा धाकटा माल पोचवून परतीच्या रस्त्याला होता, चार तासांवर. तो आला तोवर यंत्र काढलेलं होतं आणि कागदावर थोरल्याची सही होती. चार तास धीर धरवला नाही याला, एवढं म्हणून धाकट्यानं बोलणं टाकलं. थोरल्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

ऑपरेशन उद्यावर आलं होतं. म्हातारीचं चालण्यात लक्ष नव्हतं. बोललं नाही तर दोघं भाऊ कायमचे तुटलेले राहणार, आणि बोललं तर धाकटा हातचा जाणार. हे असं पोटात ठेवून टेबलावर झोपायची तिची छाती होईना. तिसऱ्या बागेत बांबूंच्या बेटापाशी ती थांबली.

"सही त्याची होती," ती म्हणाली. "पण यंत्र काढा असं मी म्हटलं होतं."

मग तिनं सगळंच सांगून टाकलं. नवऱ्याचे हाल तिला बघवेनात. थोरला हात जोडून विनवत होता, धाकट्याला येऊ दे, मग काय ते ठरवू. तिनं ऐकलं नाही.

"मग दादा गप्प का बसला?"

"तू मला टाकशील म्हणून. म्हणाला, माझा भाऊ तुटला तर तुटू दे, त्याची आई नको तुटायला."

तो चिडेल, ओरडेल, रडेल, सगळ्याची तिनं तयारी ठेवली होती. त्यानं नुसता तिच्या कोपरावरचा हात काढून घेतला. जवळच्या बाकावरची पानं झाडली, तिला बसवलं आणि चार पावलं लांब जाऊन दोन वर्षं न लावलेला नंबर लावला.

"दादा," तो म्हणाला. म्हातारीचे डोळे भरून आले. ही हाक कानावर पडावी म्हणून तिनं दोन वर्षं काढली होती.

"चुकलो रे मी," तो म्हणाला. "आईला तिसऱ्या बागेतून घेऊन जा. माझ्यानं नाही होणार आता."

फोन खिशात टाकून तो चौथ्या बागेच्या फाटकाकडे निघाला. तिनं हाक मारली नाही. वाट सरळ होती, त्यामुळे तो बराच लांबपर्यंत दिसत राहिला. उद्या दवाखान्यात तो येईल की नाही, हे विचारायला तिला आता तोंड नव्हतं.