दोनशे चौदाची खिडकी

संसद म्हटलं की लोकांना भाषणं आठवतात. पण भाषण करणाऱ्याला खाली खुर्ची लागते, पुढे माईक लागतो, खोलीत दिवा लागतो, आणि हे सगळं पाहणारा एक माणूस लागतो. त्याला म्हणतात मुख्य प्रशासकीय अधिकारी. इमारतीत त्यांना सगळे मुख्यसाहेब म्हणत. चौतीस वर्षं नाकासमोर चालून ते या पदापर्यंत पोचले होते. कँटीनमध्ये कुठल्या टेबलावर बसलं तर कुठल्या पक्षाचे ठरू, या धास्तीने डबासुद्धा एकटेच खात.

अशा माणसाची एकुलती एक लेक निवडणुकीला उभी राहिली.

घरात तिला भिंगरी म्हणत. तिने अर्ज भरला त्याच दिवशी साहेबांनी अध्यक्षांना लेखी कळवून टाकलं, की निकाल लागेपर्यंत मुलीशी बोलणार नाही. कुणी मागितलं नव्हतं, हौस यांचीच. निकाल लागला, ती जिंकली, बायकोने फोन त्यांच्यापुढे धरला, तर साहेब म्हणाले, "आता तर ती सदस्य झाली. आता कसं बोलू?" बायकोने कपाळावर हात मारून घेतला. भिंगरीनेही मग वडिलांना फोन केला नाही. हट्टीपणात ती बापाच्या वरताण होती.

नव्या सदस्यांना खोल्या चिठ्ठ्या टाकून देतात. तिला दुसऱ्या मजल्यावरची दोनशे चौदा मिळाली. आठवड्याभरात तिची पहिली तक्रार साहेबांच्या टेबलावर आली: "खिडकी नीट बंद होत नाही." चार-पाच शब्द, पण साहेबांनी ते कितीतरी वेळा वाचले. तेच उतरतं अक्षर, तीच घाईने दिलेली वेलांटी. मग त्यांनी रोजच्यासारखं "पाहिले, कार्यवाही व्हावी" असं लिहिलं आणि सुतार धाडला.

सुतार अर्ध्या तासात परत आला. "साहेब, खिडकी ठणठणीत आहे. दोनदा लावून दाखवली. ताई नुसत्या म्हणाल्या, 'तुम्हीच आलात होय?'"

साहेब समजायचं ते समजले. चार दिवसांनी दुसरी तक्रार आली, तीच खिडकी, तेच अक्षर. साहेबांनीच कधीकाळी एक नियम केला होता: एकच तक्रार तिसऱ्यांदा आली, तर मुख्य अधिकाऱ्याने जातीने जाऊन पाहावं. नियमांचं पुस्तक प्रत्येक नव्या सदस्याला मिळतं, आणि भिंगरी लहानपणी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचून काढायची. आता एकच कागद यायचा बाकी होता.

ते रोज इस्त्रीचा नवा शर्ट घालून येऊ लागले.

"दोन जिने चढायला तुम्हाला कागद लागतो?" बायकोने विचारलं.

"नियम आहे."

"खड्ड्यात गेला तो नियम. पोरगी वाट बघत असेल."

साहेबांना तिची फार आठवण येत होती. ती परगावी शिकायला होती तेव्हाही एवढी आली नव्हती, आणि आता तर ती याच छपराखाली होती. सभागृहात ती बोलायला उठली की ते अधिकाऱ्यांच्या कक्षात काचेमागे उभे राहत आणि माईकचा आवाज तपासल्यासारखं करत.

तीन आठवडे गेले. एका दुपारी तक्रार-कक्षातून फोन आला. "दोनशे चौदा, खिडकी. तिसरी आहे, साहेब."

कागद वर यायची वाट न पाहता साहेब निघाले. जिन्यात थांबून त्यांनी केसांवरून हात फिरवला, मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवलं, आणि दारावर टकटक केलं.

आत गळ्याला मफलर गुंडाळलेले एक वयस्कर सदस्य बसले होते.

"या साहेब. कालच्या वाऱ्याने कडीच निखळली हो."

"इथे त्या... ताई होत्या."

"परवाच खोल्या बदलल्या आम्ही. माझी वर होती, तीनशे सहा. गुडघ्यांना झेपेना. पोरीने आपणहून दिली ही. म्हणाली, 'घ्या काका, इथे माझं कुणी येत नाही.'"

साहेबांचा चेहरा उतरला. सवयीने त्यांनी निखळलेली कडी पाहिली, सुतार पाठवतो म्हणाले आणि बाहेर पडले. डाव्या हाताला खाली त्यांच्या ऑफिसकडे जाणारा जिना होता, उजवीकडे वर जाणारा. तिसऱ्या मजल्यावरून कसलीही तक्रार नव्हती. साहेब जिना चढू लागले.

तीनशे सहाचं दार उघडंच होतं. भिंगरीने मान वर केली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मी काही तक्रार केलेली नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

जुळवलेलं वाक्य साफ विसरलं होतं. "तुला बघायला आलो," ते म्हणाले.

तेवढ्यात मतदानाची घंटा वाजली. ती कागद गोळा करत उठली. दारापाशी येऊन थांबली.

"मतदानानंतर अजून एक चर्चा आहे, बाबा. उशीर होईल मला."

"होऊ दे. बसतो मी."

"इथे?"

"इथेच."

खुर्चीवरच्या फाइली उचलून तिने जमिनीवर ठेवल्या आणि धावत गेली. साहेब त्या खुर्चीत बसले. घाईने सभागृहाकडे निघालेले दोन्ही बाजूंचे सदस्य दारावरून जाताना आत वाकून बघत होते. साहेब उठले नाहीत.